चांद्याचे रान आणि वनस्पतिशास्त्राची पदवी

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, आणि ज्याच्या आधारावाचून महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पाऊल आजही सहसा पुढे पडत नाही, त्या ग्रंथात चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा नाही. चांदा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि इलाख्याच्या सरहद्दीपलीकडील रानाची नोंद घेणे हे कुकसाहेबांचे काम नव्हते. मध्यप्रांताच्या दक्षिण वनवर्तुळातील वृक्षांची व झुडुपांची वर्णनात्मक यादी एच. एच. हेन्स यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, परंतु ती आमच्या ग्रंथालयात नव्हती. आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ या दरम्यान संपूर्ण महाराष्ट्र राज्याच्या वनस्पतींचे जे खंड काढले, ते आम्हांला झेरॉक्स केलेल्या पानांच्या रूपानेच पाहावयास मिळाले. ज्या मुलखात सागाचे, बांबूचे आणि मोहाचे एवढे विस्तीर्ण अरण्य उभे आहे, त्या मुलखातील विद्यार्थ्याने आपल्या दारातील झाड ओळखण्यासाठी दुसऱ्या प्रदेशाचे पुस्तक उघडावे, ही गोष्ट एम. एस्सी.च्या पहिल्याच वर्षी माझ्या मनाला लागली आणि पुढे माझ्या प्रबंधाचा विषयही तिनेच ठरविला.

माझे वडील सावली तालुक्यात तलाठी होते. त्यांच्या दप्तरात सातबारा, फेरफार आणि नकाशे यांच्याबरोबर निस्तारपत्रकेही असत. विदर्भाबाहेरील वाचकास हा कागद परिचित नसेल म्हणून सांगते, की गावकऱ्यांनी सरपण कोठून आणावे, गुरे कोणत्या रानात चारावीत, घरासाठी बांबू व शाकारणीचे गवत कोठून घ्यावे, यासंबंधीचे गावाचे वहिवाटीचे हक्क ज्यात लिहिलेले असतात ते निस्तारपत्रक. आणि त्याच्या जोडीचा वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावाच्या रिवाजांची बंदोबस्तातील नोंद. लहानपणी हे शब्द मी अर्थ न कळता वाचीत असे. पुढे परिस्थितिकीच्या तासाला वनातील संसाधने कोण, केव्हा आणि किती प्रमाणात वापरतो याचा विचार सुरू झाला, तेव्हा या विषयाची पहिली पोथी आपल्या घरातच होती हे मला उमगले, आणि सरकारी दप्तरांविषयी माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो आजतागायत कमी झालेला नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, आणि या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. तोवर येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा विद्यापीठ अगदी नवे होते. पेशीशास्त्र, शैवाल, कवक, रेण्वीय जीवशास्त्र, शरीरक्रिया असा तो चार सत्रांचा अभ्यासक्रम कोठल्याही विद्यापीठात असतो तसाच होता, त्याविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगते, की कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून काचपट्टीवर दाबल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारी गुणसूत्रे प्रथम दिसली, त्या दिवशी जेवणाचे भान राहिले नाही. परंतु वनस्पतिसंग्रहाचे कपाट उघडले की मन खट्टू होई. त्यात महाबळेश्वर आणि कोडाईकनाल येथील शैक्षणिक सहलींत गोळा केलेली नमुनापत्रे नीट जपून ठेवलेली होती, आणि आपल्या जिल्ह्यातील वनस्पतींची पत्रे शोधूनही फारशी सापडत नव्हती.

प्रबंधासाठी माझ्या बहुतेक सहाध्यायांची दृष्टी ताडोब्याकडे होती आणि ते स्वाभाविकही होते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ते रान चंद्रपूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा अभिमानविषय आहे. पण राखीव क्षेत्रात अभ्यास करावयाचा तर वन्यजीव विभागाचा परवाना लागतो, त्याची मुदत आणि आमच्या सत्राची मुदत यांचा मेळ बसत नाही. आणि माझे मनही माणसांचा वावर असलेल्या रानाकडेच ओढ घेत होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेथील ग्रामसभेस स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला, ही घटना आमच्या भागात घरोघर चर्चिली गेली होती. त्याच तालुक्यातील दुसऱ्या एका गावाच्या ग्रामसभेकडे मी रीतसर अर्ज केला. अर्जावर विचार होण्यास दोन बैठका लागल्या, कारण काही स्त्रिया पहिल्या बैठकीस रानात गेल्या होत्या आणि त्यांना विचारल्यावाचून निर्णय घेणे सभेला मान्य नव्हते. रानात सर्वांत अधिक वावर ज्यांचा, त्यांची संमती प्रथम घ्यावी, हा विवेक मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकात आढळला नाही.

चंद्रपूरहून एस. टी.ने मूल, सावली, व्याहाड असे करीत वैनगंगेचा पूल ओलांडावा, गडचिरोलीत गाडी बदलून धानोऱ्याच्या रस्त्याला लागावे आणि उरलेली वाट पायी चालावी, असा माझा क्रम असे. दहा मीटर लांबी-रुंदीची चौकट दोरीने आखावयाची, तिच्यातील प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावयाचा, आत लहान चौकटी आखून झुडुपे व रोपटी मोजावयाची, हे काम दिसावयास यांत्रिक असले तरी त्याने रानाची अशी ओळख होते की नुसत्या भटकंतीने ती कधी होणार नाही. अडचण होती ती ऋतूची. मार्च महिन्यात निम्मे रान निष्पर्ण उभे असते, आणि पुस्तकातील ओळखीची सूत्रे पान, फूल आणि फळ यांवर आधारलेली असतात. माझ्याबरोबर येणाऱ्या वृद्ध गोंड आजींना या अडचणीचे नवल वाटे. त्या म्हणत, "बाई, पानावर नको जाऊ, साल पाय, अन् नखानं खरवडून वास घे." ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, धावड्याची फिकट व गुळगुळीत, सालईची कागदासारखे पापुद्रे सोडणारी आणि सुगंधी, बीजाच्या सालीस इजा होताच झरणारा रक्तवर्ण रस: ही सारी लक्षणे मी त्यांच्याकडून शिकले, आणि माझ्या प्रबंधातील सालीवरून वृक्ष ओळखण्याचा तक्ता हा वस्तुतः त्यांचाच आहे, असे मी ऋणनिर्देशात त्यांच्या अनुमतीने लिहिले.

प्रबंधाचा मुख्य विषय मोह होता. मोहाचे गोड, मांसल असे जे फूल पहाटे झाडाखाली टपटपते, ती खरे पाहता फुलाची पाकळ्यांची जुळलेली नळी असते. बीजकोश देठावर तसाच राहतो आणि त्याचे फळ होते. म्हणून फुले वेचल्याने मोहाचा वंश खुंटतो हा शहरी समज निराधार आहे. तरीही माझ्या चौकटींत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळू लागली: प्रचंड घेराचे जुने मोह जागोजाग होते, मध्यम वयाचे थोडे होते, आणि गुडघ्याएवढे रोप क्वचितच दिसे. फुले नीट दिसावीत म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्या आगीत कोवळी रोपे जातात. तेलासाठी बिया वेचल्या जातात. आणि जे उगवते ते गुरे खातात. या तिन्ही कारणांपैकी आग हेच प्रमुख असावे, असे माझ्या नोंदींवरून मला वाटले.

हा निष्कर्ष विद्यापीठापुढे ठेवण्याआधी मी तो ग्रामसभेपुढे मराठीत वाचला, आणि जाणत्या लोकांनी तो गोंडीत समजावून सांगितला. त्या सभेत मला जे प्रश्न विचारले गेले ते इतके मर्मभेदी होते की त्यांच्यापुढे पुढील तोंडी परीक्षा मला सोपी गेली. आग न लागलेल्या वर्षी रोपे अधिक दिसतात का, हे तुम्ही एकाच वर्षात कसे पाहिले? धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरचे मोह तुम्ही मोजले का, कारण रोपे तेथेच जगतात? पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि एका सत्राच्या प्रबंधात ते असणे शक्यही नव्हते. दुसऱ्या प्रश्नामुळे मी धुऱ्यांवरील झाडांची स्वतंत्र मोजणी केली, आणि लहान मोह तेथे खरोखरच अधिक निघाले. सभेने त्या हंगामी पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करण्याचे आणि रानातील काही रोपांभोवती काट्यांचे कुंपण घालण्याचे ठरविले. पदवीदानाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या ठरावाच्या नोंदीत आलेला माझ्या कामाचा उल्लेख मला अधिक मोलाचा वाटतो, हे मी निःसंकोचपणे सांगते.

नमुनापत्रांचे काम पावसाळ्यात झाले. दमट हवेत टिपकागद रोज बदलावे लागत, एक दिवस खंड पडला तर बुरशी धरे. वाळलेल्या फांद्या जाड कागदावर शिवून प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात शास्त्रीय नावाखाली गोंडी नाव, झाडीबोलीतील नाव, गाव, तारीख आणि माहिती देणाऱ्याचा निर्देश मी लिहिला. प्रत्येक वनस्पतीची दोन पत्रे केली. त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या कपाटात आहे, दुसरे त्या गावाच्या शाळेत.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयांत आज जीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत बसलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की आपल्या तालुक्यातील वनस्पतींची पत्रे महाविद्यालयात जमा करा, त्यांवर स्थानिक नावे आणि ती सांगणाऱ्यांचा उल्लेख अवश्य लिहा, आणि प्रबंधाचा मराठी सारांश ज्या गावाच्या रानात तुम्ही काम केले त्या गावाच्या ग्रामसभेस, परीक्षा होण्यापूर्वी, वाचून दाखवा.