थॉम्पसन यांची न फिरणारी वाट

फाइलमधलं प्रत्येक साल हुडकायचं असलं, तर कोड एडिटरच्या शोधपट्टीत ‘सन [०-९]+’ एवढं लिहिलं की भागतं. ‘सन’ हा शब्द, एक मोकळी जागा, पुढे एक किंवा अधिक आकडे. अशा नमुन्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. गणितज्ञ स्टीफन क्लीन यांनी १९५०च्या दशकात ती कागदावर मांडली. एडिटरमध्ये आणली केन थॉम्पसन यांनी.

१९६८ साली, जेमतेम पंचविशीत, बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी शोधाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. नमुन्यातून पुढे जायच्या जेवढ्या वाटा असतील तेवढ्या एकदम लक्षात ठेवायच्या आणि मजकुरातलं प्रत्येक अक्षर एकदाच वाचायचं. मागे फिरणं नाही. संगणकशास्त्रात इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडते.

पुढे युनिक्सचा ‘ईडी’ एडिटर आणि १९७३चा ‘ग्रेप’ हा शोधाचा प्रोग्राम लिहिताना मात्र खुद्द थॉम्पसन यांनीच ती बाजूला ठेवली. तिथे एक वाट धरायची, फसली की मागे येऊन दुसरी धरायची, अशी सोपी रीत होती. त्यात वावगं काहीच नव्हतं. त्या नमुन्यांत कंस नव्हते, ‘+’ नव्हतं, पर्याय नव्हते.

नंतरच्या अनेकांनी हे सगळं आणलं आणि रीत तीच ठेवली.

त्याची किंमत केवढी? ‘(क+)+ख’, म्हणजे ‘क’चे एक किंवा अधिक गट आणि शेवटी ‘ख’, हा नमुना घ्या आणि समोर नुसते तीस ‘क’ ठेवा. ‘ख’ नाहीच. तरी ते तीस ‘क’ गटांत वाटायचे प्रकार पन्नास कोटींहून जास्त, आणि मागे फिरणारं यंत्र ते तपासत बसतं. आणखी एक ‘क’ वाढला की काम दुप्पट. २ जुलै २०१९ रोजी अशाच एका नमुन्यापायी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर सुमारे अर्धा तास कोलमडली. थॉम्पसन यांच्या पद्धतीत एवढी वेळ आलीच नसती.

२००९ साली गूगलने ‘गो’ भाषा जाहीर केली. तिच्या तीन रचनाकारांत थॉम्पसनही होते. आज ‘गो’मधला नमुनाशोध त्यांच्या १९६८च्या वाटेनेच चालतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये अख्ख्या फोल्डरमध्ये शोधलं, तर ‘रिपग्रेप’ हा प्रोग्राम साधे नमुने त्याच घराण्यातल्या रीतीने जुळवतो. उघड्या फाइलमधला शोध मात्र अजून मागे फिरूनच चालतो.