दिंडी दरवाजा आणि डूमचा शिपाई

"काका, आ लेवल नथी, गणपतीनुं डेकोरेशन छे."

समोरच्या घरातला मुलगा हे हसत हसत बोलला, वर चहा पिऊन गेला. इंजिनिअरिंगला आहे, मनाने चांगला आहे, टोमणा मारायचा त्याचा हेतू नव्हता. तरी ते वाक्य मला अजून डाचतं. बडोद्याच्या नागरवाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला गणपतीचा देखावा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लोक मंडपासमोर उभे राहतात, वा वा म्हणतात, हात जोडतात आणि पुढच्या मंडळाकडे वळतात. आत कोणी शिरत नाही. त्याला नेमकं हेच म्हणायचं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर काम करतो आणि रात्री जेवणं आटोपली की डूम या जुन्या गेमसाठी लेव्हल बनवतो. डूम आला 10 डिसेंबर 1993 रोजी. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याचे नकाशे स्वतः बनवायची साधनं तयार केली, 1997 च्या अखेरीस त्याचा मूळ कोडही खुला झाला, आणि जगभरचे हौशी लोक आजही त्यात नवे नकाशे रचतात. पैसा मिळत नाही. घरात विचारलं जातं, "हे खेळणार कोण?" उत्तर माझ्याकडे नसतं. असो.

ज्या लेव्हलची ही गोष्ट, ती म्हणजे एक वाडा आणि त्याच्यापुढची गल्ली. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा लहानपणापासून पाहिलेला. भिंतीभर चित्रं, लाकडी खांब, आता तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. तसा वाडा आणि आमच्यासारखी गल्ली करायची असं मनात घेतलं. ड्रॉइंगवाला माणूस, त्यामुळे मापाला पक्का. ओटीची उंची, खांबांमधलं अंतर, देवळीची खोली, सगळं प्रमाणात बसवलं. आणि तिथेच डूमशी माझं भांडण सुरू झालं.

डूमचा शिपाई, म्हणजे खेळणारा, 56 एकक उंच आणि 32 एकक रुंद असतो. वाड्याच्या मोठ्या दरवाजात जी लहान दिंडी असते, ती प्रमाणात काढली तर 48 च्या वर जात नव्हती. खरा माणूस दिंडीतून वाकून जातो. येणाऱ्याची मान आपोआप खाली येते. डूमचा शिपाई वाकत नाही. मूळ खेळात वाकायची सोयच नाही. दिंडी उघडी, पलीकडचा चौक दिसतोय, आणि हा बाहेर उंबऱ्याशी डोकं आपटतोय. गल्लीचं तेच. ती 48 एकक रुंद ठेवली होती, आमच्या गल्लीच्या मानाने ऐसपैसच म्हणायची. पण डूममधले गुलाबी राक्षस 60 एकक रुंद. ते बिचारे गल्लीच्या तोंडाशी अडकून नुसते गुरगुरत राहिले. माडीची तर बातच सोडा. डूमचा नकाशा वरून पाहिलेल्या आराखड्यासारखा असतो. प्रत्येक तुकड्याला एकच जमीन आणि एकच छत. एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली ठेवता येत नाही. नव्या इंजिनांत ते जमतं, पण जुन्याच चौकटीत करायचं हा माझा हट्ट. मग माडी बाजूला सरकवली, मधे बोळ घातला आणि जिना चढून वर गेल्यासारखं भासवलं. चौक मात्र झकास झाला. छताच्या जागी आकाश लावलं की झालं.

या सगळ्या झटापटीनंतर मला वाटत होतं की मी फार कठोर आत्मपरीक्षण केलं आहे. विटांची रांग एका भिंतीवरून दुसरीवर जाताना जराशी तुटली तरी मला झोप येत नसे. आणि मग ते डेकोरेशनचं वाक्य आलं.

त्या काळात डूमचा इतिहास वाचताना टॉम हॉल भेटला. आयडी सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याने सुरुवातीच्या लेव्हल खऱ्या लष्करी तळांसारख्या काढल्या होत्या, खऱ्या इमारतीत जशा खोल्या असतात तशा. त्याच कंपनीतल्या जॉन रोमेरोला त्या कंटाळवाण्या वाटल्या. खेळ बाजारात यायच्या आधीच, ऑगस्ट 1993 मध्ये, हॉल बाहेर पडला आणि त्याचे अर्धवट राहिलेले नकाशे सँडी पीटरसनने पुरे केले. रोमेरोचे नियम वेगळे: उजेडाशेजारी अंधार हवा, अरुंद जागेनंतर मोकळी हवी, बाहेरची जागा दिसली तर तिथे पोचताही यायला हवं, फिरून फिरून माणूस ओळखीच्या जागी यायला हवा. खऱ्या इमारतीचं माप यांत कुठे नाही. रोमेरो बरोबर होता हे खेळून कळतंच. पण माझं मन हॉलच्या बाजूला. आजही आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली. फोनवरचे गेम खेळणारी, डूमचं नावही न ऐकलेली. तिला बसवलं आणि ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. हे किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दिंडी तोपर्यंत मी नाइलाजाने 72 केली होती, तिच्यातून ती सरळ आत आली. चौकात आली. तुळशीवृंदावन, कोरीव खांब, कशाकडेही बघितलं नाही. किल्ली मिळाली, दार सापडेना. माजघराचं दार तिच्या डाव्या हाताला, ओटीच्या सावलीत. डूममध्ये उजेड 0 ते 255 असा मोजतात. ते दार मी 96 वर ठेवलं होतं, कारण माजघर अंधारंच असतं. ती त्याच्यापुढून गेली. परत गेली. एकदा तर दाराला अगदी खेटून उभी राहिली आणि मागे वळली. माझे हात शिवशिवत होते. "अगं तिथेच आहे" हे शब्द दातांखाली दाबून ठेवले. आणि ती जात कुठे होती? समोरच्या भिंतीतल्या देवळीकडे! तिथे मी दिव्याचा उजेड ठेवला होता, 192, कारण आमच्या घरी संध्याकाळी दिवा तिथेच लागतो. ती देवळीसमोर जायची, दार उघडायची कळ दाबायची, काही व्हायचं नाही, पुन्हा चौकात चक्कर, पुन्हा देवळी. शेवटी वैतागून म्हणाली, "मामा, इथे गणपती बसवलाय का?"

समोरच्या मुलाशी हिची ओळखसुद्धा नाही.

त्यावर कडी म्हणजे तिला काय आवडलं ते. मागच्या अंगणात विहीर होती. जागा रिकामी दिसत होती म्हणून एका बैठकीत उरकलेली. इथल्या नवलखी वाव या पायविहिरीसारख्या पायऱ्या खाली जातात, उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो, तळाशी एकच कोनाडा. एकेका पायरीची उंची डूमच्या 24 एककांच्या मर्यादेत बसवली, बाकी विचार काही केला नाही. "ते विहिरीचं भारी आहे, मामा." चौकाबद्दल एक अक्षर नाही. मी संतापलो होतो. कोणावर, सांगता येत नाही.

ती झोपायला गेल्यावर माजघराच्या दाराशेजारी देवळी हलवली आणि चौकाचा उजेड उतरवला. दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ बसला, तो न थांबता दारातून आत. इतकंच करायचं होतं. विटांची रांग कोणीही पाहिली नव्हती.

आपल्याकडे स्वतःवर टीका म्हणजे "कसलं काय, असाच टाइमपास" असं म्हणायची पद्धत आहे. ती टीका नसते, कोणी काही बोलायच्या आधीच डोक्यावर घेतलेली छत्री असते. मीही ती वर्षानुवर्षं वापरली. "चांगलं झालं की वाईट" या प्रश्नातून हाती काही लागत नाही. खेळणारा थांबला कुठे, मागे फिरला कुठे, कोणत्या भिंतीला दार समजला, एवढंच वहीत लिहावं. आमच्या बडोद्यात 1950 पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. तिथे शिकलेले एक शेजारी आजोबा सांगतात की भिंतीला लावलेल्या चित्रापुढे सगळा वर्ग उभा राहायचा आणि ज्याचं चित्र त्याने गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यातच निम्मं शिक्षण झालं, असं ते म्हणतात.

हे सगळं पटलं म्हणून पुढची लेव्हल मी वही समोर ठेवूनच बनवली. वाट स्पष्ट, उजेड जिथे हवा तिथे, गल्ली रुंद, राक्षस कुठे अडकत नाहीत. दिली त्या सगळ्यांनी सरळ शेवटपर्यंत खेळली. "छान आहे" म्हणाले. समोरचा मुलगाही "सरस" म्हणाला. नंतर त्या लेव्हलबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. मलाही ती उघडून बघावीशी वाटत नाही. आणि परवा जिन्यात तोच मुलगा विचारतो, "काका, पेलो वाडो पूरो थयो?" ज्याला डेकोरेशन म्हणाला, तोच वाडा! त्याच्या मित्राला दाखवायचा होता म्हणे.

आता यातून काय समजायचं? वही खोटी नाही. देवळी हलवल्यावर दार सापडलं हे डोळ्यांनी पाहिलंय. पण वहीतल्या सगळ्या तक्रारी मिटवल्या की लेव्हल चांगली होतेच, असंही दिसत नाही. वाड्याची दिंडी मी पुन्हा खाली आणली आहे, 60 वर. शिपाई जेमतेम जातो. वाकत नाहीच, पण चौकट डोक्याला लागेल असं वाटतं. गल्ली 64. राक्षस आता येतात, पण एका वेळी एकच. माडी अजून जमलेली नाही.

तुमच्या घरात कोणी पोरगं रात्री बसून असलं काही बनवत असेल, तर एवढं करा. "छान आहे" म्हणून उठू नका आणि "याचा उपयोग काय" असंही विचारू नका. शेवटपर्यंत खेळा. जिथे अडकाल तिथे अडकलो म्हणून सांगा. आणि ते शेजारी बसून सांगू लागलं, "तिथे डावीकडे, डावीकडे," तर त्याला गप्प बसवा.