पाश टाकण्याची विद्या

घोड्यावर बसून रानांतील गुराच्या गळ्यांत फांस टाकावयाचा व त्यास धरावयाचें, हा उद्योग अमेरिकेंतील गुराख्यांचा अशी आपली समजूत असते, आणि बहुतेकांनीं तो चित्रपटांतच पाहिलेला असतो. साठी उलटलेल्या व जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेतलेल्या माणसानें तो शिकावयास निघावें, हें घरांतील मंडळींस चमत्कारिक वाटलें यांत नवल नाहीं. आमच्या वहिनींनीं तर, "आतां रामरक्षा म्हणावयाच्या वयांत हें काय भलतेंच?" असा सरळ प्रश्न केला. कारण सांगितल्यावर मात्र त्या उगी राहिल्या. तें कारण असें.

इगतपुरी तालुक्यांत, घोटीपासून कांहीं कोसांवर, आमच्या मेहुण्यांची भातशेती आहे व अकरा डांगी गुरांचें लहानसें खांड आहे. डांगी गुरूं नाशिककरांस नवें नाहीं. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचें, अंगानें भक्कम, चालीनें मंद. इगतपुरीकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, त्यांत तें निर्धास्त चरत असतें, कारण त्याच्या कातडीस एक प्रकारचा तेलकटपणा असतो व तीवरून पाणी निथळून जातें. दुभतीं व कामाचीं जनावरें गोठ्यांत असतात. कालवडी व गोऱ्हे मात्र महिनेच्या महिने रानांत राहतात, व माणसाच्या हाताची त्यांस संवय नसते.

२०२२ सालीं लम्पी नांवाचा चर्मरोग महाराष्ट्रांत पसरला. हा रोग प्रथम १९२९ सालीं आफ्रिकेंत, हल्लींच्या झांबिया देशांत, नोंदला गेला. हिंदुस्थानांत तो २०१९ मध्यें दिसला. डांस, चावऱ्या माशा व गोचिड्या यांच्यामार्फत तो पसरतो. अंगभर गांठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात. माणसास तो होत नाहीं. शेळ्यांच्या देवीवरील लस यावर चालते असें ठरून गांवोगांव टोंचणी सुरू झाली. मेहुण्यांच्या गांवीं डॉक्टर आले त्या दिवशीं गोठ्यांतील सात गुरें टोंचून झालीं. रानांतील चार कांहीं केल्या हातीं लागेनात. काठ्या घेऊन पोरें मागें लागलीं, तीं बिचारीं कारवींत शिरलीं तीं शिरलींच. महिन्याभरांत त्यांतली एक कालवड आपण होऊन गोठ्याच्या दाराशीं येऊन उभी राहिली, तेव्हां तिच्या अंगावर बोट ठेवावयास जागा नव्हती. ती तिसऱ्या दिवशीं गेली. आमची बहीण दोन दिवस जेवली नाहीं.

गुरें धरण्याचें कसब पूर्वीं दर गांवीं दोघांचौघांस तरी येत असे. बैलास नाल मारावयाचा, वेसण घालावयाची, तर त्यास दोरानें आवळून अलगद आडवें पाडणारीं माणसें असत. ओढाळ गुराच्या गळ्यांत लोढणें बांधीत, म्हणजे त्याचा पळ कमी होई. आतां नांगर ट्रॅक्टरनें होतो, बैल कमी झाले, आणि त्यांबरोबर हें कसबही जात चाललें आहे. मेहुण्यांच्या वाडींत एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ राहतात. त्यांस हें सारें येतें. आम्ही त्यांस बाबा म्हणतों व ते आम्हांस गुरुजी म्हणतात. घोड्यावरून फांस टाकण्याची कल्पना आमची. दोर व गुरूं यांचें ज्ञान त्यांचें.

येथें आमच्या जुन्या अभ्यासाचा थोडा उपयोग झाला. अग्निपुराणांतील धनुर्वेदप्रकरणांत पाश हें एक आयुध म्हणून वर्णिलें आहे. त्याची लांबी दहा हात. तो कापसाच्या सुताचा, मुंजगवताचा किंवा स्नायूंचाही वळावा. डाव्या हातांत धरून उजव्यानें उचलावा, कुंडलाकार करून मस्तकावर फिरवावा. आणि शिकणारानें प्रथम तो गवत भरून वर चामडें गुंडाळलेल्या बाहुल्यावर टाकून पाहावा. पुढें उसळणाऱ्या व दौडणाऱ्या लक्ष्यावर तो चालवावा असें सांगितलें आहे. अमेरिकेंतील नवशिकेही आरंभीं अशाच बाहुल्यावर हात बसवितात. त्यांनीं ही विद्या मेक्सिकोंतील स्पॅनिशभाषी गुराख्यांपासून घेतली. लॅसो हा शब्द स्पॅनिश लाझो यावरून आलेला, व त्याचें मूळ फांस या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. सर्व कांहीं आमच्याकडे आधींच होतें असें म्हणण्याची खोड आपल्यांतील पुष्कळांस आहे. आमचा तसा मुळींच दावा नाहीं. पुराणांतला पाश माणसास धरण्याकरितां होता, गुरांकरितां नव्हे. पण शिकविण्याचा क्रम उभयतांचा एकच निघाला, याचें एका शिक्षकास समाधान वाटलें तर तें क्षम्य असावें.

आम्हीं पोत्यांत पेंढा भरला, वर शिंगांसाठीं एक बेळकें खोंवलें व अंगणांत तें ठेवलें. दोर वीस हात, सुती. नायलॉनचा दोर बाजारांत स्वस्त मिळतो, पण तो ओढला जातांना कातडें भाजतो, जनावराचें आणि आपलेंही. टोंकास लहानसें पक्कें कडें गुंफून त्यांतून दोर ओवला कीं सरकफांस तयार झाला. बाबांनीं त्यावर एक आडगांठ मारावयास लावली. फांस गळ्याच्या घेराइतका आवळला कीं ती गांठ कड्यास अडते व जनावराचा श्वास कोंडत नाहीं. ही एक गांठ नसेल तर दोर हातीं धरूं नये.

टाकण्यांत बळाचें काम थोडें आहे. मनगट सैल ठेवून फांस डोक्यावरून फिरवावा, दृष्टि दोरावर न ठेवतां शिंगांच्या मुळाशीं ठेवावी, व हात त्या दिशेस सरळ झाला कीं बोटें उघडावीं. पहिल्या दिवशीं चाळीस वेळां टाकला, त्यांत तीन वेळां लागला. पंधरवड्यानंतर वीसांत बारा लागूं लागले, आणि पुतण्याचीं मुलें बाहुल्याऐवजीं स्वतःच डोकीवर हात धरून गुरें होऊन अंगणांत पळूं लागलीं, तेव्हां अभ्यास फार लवकर पुढें गेला.

घोड्याची गोष्ट निराळी. १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनीं नाशकांत भोंसला सैनिकी शाळा काढली. तेथील मुलांस घोड्यावर बसलेलीं आम्हीं अनेकदां कुंपणाबाहेरून पाहिलीं होतीं, इतकाच आमचा अश्वविद्येशीं परिचय. मेहुण्यांनीं एक घोडी घेतली होती, ती पूर्वीं नाशकांत टांगा ओढीत असे. मोटारींचे कर्णे, मिरवणुकींचे ताशे, सर्व तिनें पचविलेलें. परंतु पाठीवरून दोर फिरतो हें तिला नवें होतें. म्हणून आठवडाभर दोर नुसता तिच्या मानेवरून, पुठ्ठ्यावरून, पायांजवळून फिरवीत राहिलों. तो शेपटीखालीं गेला तर शांत घोडेंही उधळतें. मग ती उभी असतां बाहुल्यावर फेंक, मग चालतां. दौडत टाकण्याचा हट्ट आम्हीं धरला नाहीं. भातखाचरांच्या बांधांतून दौड करावी असा तो मुलूखच नव्हे.

फांस पडल्यानंतर काय, हा खरा प्रश्न. अमेरिकन खोगिराच्या पुढें एक भक्कम खुंट असतो. तिकडील स्वार दोराचे वेढे त्यास देतो व गुराचा हिसका घोडा सोसतो. त्या वेढ्यांत आंगठा सांपडून तुटलेले लोक तिकडे पुष्कळ आहेत. आपल्या खोगिरास खुंट नाहीं, आणि दोर स्वतःच्या कमरेस किंवा मनगटास गुंडाळणें म्हणजे मरण ओढवून घेणें. बाबांनीं युक्ति काढली ती अशी: फांस झाडाच्या आसपासच टाकावयाचा, दोर सैल सोडीत घोडी गुराबरोबर चालवावयाची, हळूहळू वळसा घेत झाडाजवळ यावयाचें आणि दोराचा एक वेढा बुंध्यास द्यावयाचा.

यांत कठीण तें सैल सोडणें. दोरास ओढ बसली कीं आपला हात आपोआप ओढतो, आणि आपण ओढलें कीं गुरूं दुप्पट ओढतें. बाबा खालून ओरडत, "गुरुजी, तें वढतंय तंवर तुमी नका वढूं. तें पुढं आलं का लगेच ढील द्या." पाऊल आपल्याकडे टाकतांच गळा मोकळा होतो, इतकें एकदां गुरास कळलें कीं तें आपण होऊन पाऊल टाकतें. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. यूपास बांधलेला तो मुलगा उषेची एकेक ऋचा म्हणतो व त्याचा एकेक पाश सुटतो. पाश सुटणें म्हणजे काय हें मुलांना समजावून देतांना आम्ही कोशांतील अर्थ देत असूं. रानांत त्या गोऱ्ह्याच्या गळ्यावरील दोर ढिला पडतांच त्यानें सोडलेला लांब श्वास ऐकला, तेव्हां ती ऋचा म्हणणारा मुलगा आम्हांस प्रथमच जिवंत दिसला.

२०२३ च्या उन्हाळ्यांत, पावसाच्या व माशांच्या आधीं, टोंचणी पुन्हां ठरली. त्या वेळीं खांडांत दहा गुरें होतीं. सात गोठ्यांत टोंचलीं. उरलेल्या तिघांपैकीं एक कालवड मिठाच्या खड्यावर भुलून बाबांच्या हातीं आली. दुसरीस आम्हीं घोडीवरून फांस टाकला. तो दुसऱ्या फेंकीस शिंगांच्या मुळाशीं बसला, व जांभळीच्या बुंध्यास वेढा देऊन ती उभी राहीपर्यंत अर्धी घटका गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनीं सुई टोंचली, कालवडीनें एकदां मान हलविली, आणि बाबांनीं कडें मागें सारून दोर काढून घेतला. ती दहा पावलांवर जाऊन चरूं लागली. गोऱ्हा मात्र त्या दिवशीं डोंगराच्या पलीकडे होता. लस बर्फांतून बाहेर ठेवतां येत नाहीं, म्हणून डॉक्टरांनीं पुढच्या मंगळवारीं पुन्हां येण्याचें कबूल केलें, व आम्ही मुक्काम आठ दिवसांनीं वाढवीत असल्याचें वहिनींस कळविलें.