चिकटवायचंय की बुजवायचंय?

वीस वर्षं बँकेत काढल्यामुळे जमा आणि नावे यांत माझी गल्लत होत नाही. चिकटवणे आणि बुजवणे यांत मात्र झाली, आणि ती चार पावसाळे टिकली.

आमचं घर पंचवटीत, जुनं, चुन्यात बांधलेलं. वाटणीनंतर दादाने त्याला खेटून सिमेंटच्या दोन खोल्या काढल्या. दोन भिंतींमधली बोटभर फट वाटणीपत्रात कोणाच्याच नावावर नव्हती. पाणी मात्र तिथूनच यायचं, आणि थेट आईच्या खाटेवर. गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरून मोजतात, आम्ही आमचा आईच्या गादीवरून मोजत असू. गादीचा कोपरा भिजला की मी दादाच्या भिंतीला नावं ठेवायचो, दादा माझ्या. आई काही न बोलता खाट वीतभर सरकवायची.

रविवार कारंजावर जाऊन मी म्हटलं, "सगळ्यांत मजबूत असेल ते द्या." दुकानदाराने दोन रंगांच्या गोळ्यांचं एपॉक्सी दिलं. ते मी कणकेसारखं मळलं (मला मळता येतं हे सौभाग्यवतीने त्याच दिवशी टिपून ठेवलं) आणि फटीत दाबलं. झाला की दगड! वैशाखात पाहतो तर दगडाच्या कडेने केसाएवढी चीर. मृगात खाट पुन्हा वीतभर. पुढच्या वर्षी पांढरं सिमेंट. पुन्हा चीर, पुन्हा वीत.

चौथ्या खेपेला दुकानदाराने विचारलं, "साहेब, चिकटवायचंय की बुजवायचंय?"

मी गप्प.

"चिकटवायचं ते कपाटाच्या फळ्यांना. तिथे काही हलता कामा नये. भिंती उन्हात फुगणार, रात्री आकसणार. त्यातून तुमची एक चुन्याची, एक सिमेंटची. दोघींची चाल वेगळी. हलू द्या त्यांना. मध्ये ताणलं जाईल असं भरा."

सिलिकॉन त्याने नको म्हटलं, त्याच्यावर रंग बसत नाही. पीयूची नळी दिली आणि फोमची दोरी. दोरी आधी फटीत कोंबायची, कारण माल दोन्ही कडांनाच धरला पाहिजे. तळालाही चिकटला तर ताणायची सोय जाते आणि तो फाटतो. फट 2 सेंटिमीटर असेल तर मालाची जाडी 1 सेंटिमीटर. कडा मात्र कोरड्या आणि खरवडून स्वच्छ हव्यात. दोन्ही!

आता आली का पंचाईत? एक कड दादाची. ती खरवडायची म्हणजे त्याला विचारणं आलं, आणि चार वर्षांत आम्ही एकमेकांना काही विचारलं नव्हतं.

विचारलं. दादा तारेचा ब्रश घेऊनच आला. शिडी धरून खालून ओरडत होता, "अरे, नळीचं तोंड तिरकं काप! लहानपणापासून तुला सरळच कापायची खोड." वहिनींनी चहा पाठवला. वाटणीचा विषय कोणी काढला नाही.

यंदा श्रावण संपला तरी गादी कोरडी. आईने खाट मूळ जागी आणली. मग दोन दिवसांनी पाहिलं, तर आणखी वीतभर सरकवलेली, दादाच्या भिंतीकडे.