आकड्यांमागची नावे

सातारा जिल्ह्यातील जुन्या गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी अनेकांच्या पाहण्यात असेल. या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. अपशिंगे (मिलिटरी) आपल्या ४६ मृतांची आठवण सांगते. अन्य गावांतील संख्या लहान, पण घाट तोच. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे संख्याविशेषण आहे आणि विशेषनाम गाळले आहे.

अशाच एका गावाने पाटीशेजारी नावांची नवी शिळा बसवण्याचे ठरवले आणि नावे शोधण्याचे काम आम्हा दोघांकडे आले. आम्ही मराठी शिकवतो आणि अडखळत का होईना मोडी वाचतो, एवढीच आमची पात्रता.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची दखल आहे. परंतु तेथेही भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साधे शिपाई पलटणीच्या नावाखाली संख्येत मोजले गेले. असे स्मरण असमान होते, ही कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने २०२१ मध्ये दिली. गावची पाटी आणि बसऱ्याची भिंत यांचे तत्त्व असे एकच निघाले. नावे मात्र कागदावर होती. आयोगाच्या नोंदींत शिपायाचा क्रमांक, पलटण, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील बहुधा मिळतो, अर्थात इंग्रजीत.

येथून पुढचे काम पाठचिकित्सेचे होते. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' एक होतात, 'ण' आणि 'न' एक होतात. काळे की काले, बाळू की बालू, हे लेखनिकाच्या कानावर अवलंबून. वडगाव म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण वडगावे उदंड. पलटणींची नावेही १९२२ मध्ये बदलली. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन झाली. घराण्याच्या आठवणीत नवे नाव राहते, नोंदीत जुने. तारखांनी मात्र साथ दिली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले आणि उरलेले कैदी अनातोलियाकडे चालवले गेले. त्यानंतरची मृत्युतारीख दिसली, की तो मनुष्य बहुधा गोळीने नव्हे, तर वाटेवर, उपासमारीने किंवा आजाराने गेला, एवढे कळते. घरी मात्र सगळ्यांचे मरण 'बसऱ्याच्या लढाईत'च.

पाटीवर मृत पाच होते. नोंदींतून जुळलेले शिपाई चार.

गावाबाहेरच्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ दोनदा येऊन गप्प बसून गेले होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "मास्तर, आमचा आजा बी त्येच बोटीनं गेल्ता. आला न्हाई." त्यांनी फडक्यातून पदक काढले. शिपायांच्या घरी पाहिलेले ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे होते, हे काशाचे. काशाचे पदक लढणाऱ्यांना नव्हे, ओझी वाहणाऱ्या आणि रस्ते बांधणाऱ्या कामगार दलांना दिले जात असे. धातूतही पायरी होतीच. पदकाच्या कडेवर त्याचे नाव आणि दलाचा उल्लेख कोरलेला होता. ज्या गावाने शतकभर त्या घराला युद्धाच्या गोष्टीत घेतले नाही, त्या गावाचा उल्लेख ते घर मात्र 'आमचं गाव' असाच करत होते.

समितीतील काहींचे म्हणणे पडले की, शिळा सैनिकांची आहे. तेव्हा आम्ही त्यांना पाटीसमोर नेले. मूळ इंग्रजी मजकुरात 'सोल्जर' हा शब्दच नाही; 'मेन' आहे. गावातून माणसे गेली, असे ती पाटी म्हणते. काय करणार, आयुष्यभर एका शब्दावरून मुलांचे गुण कापले, तो स्वभाव येथे उपयोगी पडला! पाचवा मृत तोच, असे निर्णायक प्रमाण पाटी देत नाही, हेही आम्ही सांगितले. पण वगळण्याला तर तेवढेही प्रमाण नाही.

यादी आम्ही हुद्दे न लिहिता, अकारविल्हे दिली. त्यामुळे त्यांच्या आजोबांचे नाव दुसरे आले आहे. ग्रामसभेत तिचे वाचन व्हायचे आहे.