निर्मनुष्य संध्याकाळ

फ्रेडरिक एडविन चर्च या अमेरिकन चित्रकाराने १८६० मध्ये एक संध्याकाळ रंगवली. ‘ट्वायलाइट इन द विल्डरनेस’ हे ते चित्र आज क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. आकाशभर पेटलेले ढग, खाली काळवंडत जाणारे पाणी आणि झाडे. माणूस मात्र एकही नाही.

हा भडका निव्वळ निसर्गाची देणगी नव्हे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले, आणि कॅडमियमचे झळझळीत रंगही त्याच काळात चित्रकारांच्या हाती येऊ लागले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, म्हणून या आकाशात काही अभ्यासकांना रक्तपाताची चाहूल दिसते. ही नजर मागाहूनची आहे. खरा बोचणारा प्रश्न निराळा : या रानात कुणीच कसे नाही?

चर्च मेन राज्यातील कताहदिन पर्वताच्या परिसरात हिंडला होता. पेनॉब्स्कॉट लोकांसाठी तो पर्वत पवित्र. चर्चचे गुरू टॉमस कोल यांनी १८३६ मध्ये ‘द ऑक्सबो’ रंगवले, त्याच्या सहाच वर्षे आधी मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला होता. तो कायदा चित्रकारांनी केला नाही. पण रिकामी भूमी किती रम्य दिसते, हे लोकांच्या मनावर ठसवले ते त्यांच्याच कुंचल्याने.

मराठीला अशी रिकामी संध्याकाळ सहज सुचत नाही. आपली सांज म्हणजे गोरज : गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. सोनपेठच्या गोदाकाठी जन्मलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्या वेळेच्या नावातच गुरे आहेत, म्हणजे गुराखीही आला.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान १८८० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाश्चात्त्य पद्धतीनेच शिकले आणि पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने चित्रे काढत राहिले. त्यांनी रंगवले ते रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातले पाणी. तिथला प्रकाश भडकत नाही, ओलसर हवेत विरघळतो. १८६० चा तो वणवा शेजारी ठेवला, तरी डोळा या फिक्या पाण्यावर अधिक रेंगाळतो.

१९२२ मध्ये महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते.