लावणीची रजा, छठची रजा

उमरोळी सुटलं की डहाणू लोकलच्या खिडकीतून येणारा वारा बदलतो. केळवे रोडपासून सोबत करणारा खाजणाचा खारा ओलावा, उन्हाळ्यात राब भाजल्याचा धुरकट वास, हे सगळं मागे पडतं आणि नाकाला किंचित झोंबणारं, नाव न सांगता येणारं काहीतरी डब्यात शिरतं. रोजचा प्रवासी डोळे न उघडताच पिशवी सावरतो, बोईसर आलं. फलाटावर उतरणाऱ्या गर्दीत भोजपुरी असते, उडिया असते, वाणगावकडून आलेल्या पोरींची वारली बोली असते, वलसाडकडचं गुजराती असतं, आणि ताडगोळे मांडून बसलेल्या बाईशी भाव करताना या सगळ्या भाषा एका मोडक्यातोडक्या हिंदीत विरघळून जातात. मग रिक्षा, सायकली, कंपन्यांच्या बसगाड्या. तासाभरात ही माणसं औद्योगिक वसाहतीतल्या आपापल्या गेटांतून आत जातात आणि पाळी सुटेपर्यंत त्यांनी एकमेकांच्या जिवाला जपायचं असतं. रसायनांच्या कारखान्यात हे अगदी शब्दशः खरं; एकाने व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला नाही तर भाजतो तो दुसराच.

मला कुतूहल वाटतं ते त्या आतल्या तासांचं. एकमेकांचं जेवणही नीट ठाऊक नसलेली माणसं कधी एकमेकांची होतात, आणि त्यात त्यांच्या वरच्या माणसाचा हात किती असतो?

या किनाऱ्याला हा प्रश्न तसा नवा नाही. साठ वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तारापूरला दोन अणुभट्ट्या बांधायला घेतल्या, तेव्हा मांगेल्यांच्या होड्या आणि वाडवळांच्या वाड्या यांच्या शेजारी एकदम सगळा देश येऊन उतरला, आणि वर अमेरिकनही. २८ ऑक्टोबर १९६९ पासून केंद्र रीतसर वीज देऊ लागलं. पण ते केंद्र इथल्या माणसांचं झालं ते, मला वाटतं, त्यानंतर. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, अमेरिकेने हात आखडता घेतला, १९७८ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि तारापूरचं इंधन दोन राजधान्यांमधल्या खलित्यांत अडकून पडलं. १९८२ मध्ये फ्रान्सशी करार होईपर्यंत हा घोर चालू होता. यंत्र दुसऱ्याच्या आराखड्याचं, सुट्या भागांची वानवा, भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर उतरवलेली. आणि ते चालतं ठेवायचं कुणी, तर बंगाली, तमिळ, मराठी, पंजाबी अभियंत्यांनी आणि आसपासच्या गावांतून भरती झालेल्या तंत्रज्ञांनी. कुण्या साहेबाच्या भाषणाने जे साधलं नसतं ते त्या अडचणीने साधून दिलं असावं. अर्थात त्या जवळिकीलाही कुंपण होतंच. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ५४० मेगावॉटच्या त्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. देशाचा अभिमान म्हणून ज्या घुमटांकडे आपण बोट दाखवतो, त्यांच्याकडे उठलेल्या गावचा माणूस कोणत्या नजरेने बघत असेल, हे मी अनेकदा मनाशी घोळवलं आहे.

अडचण माणसांना जोडते का, हे मुझफ्फर शेरीफ नावाच्या तुर्की मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात त्यांनी शाळकरी मुलांचे दोन गट एका उन्हाळी छावणीत ठेवले. स्पर्धा लावल्या, आणि बघता बघता पोरं एकमेकांचे झेंडे जाळू लागली. नुसतं एकत्र जेवायला बसवून भागेना. पानातलं अन्नच एकमेकांवर फेकलं गेलं. मग पाण्याचा नळ बिघडला, शिधा आणणारा ट्रक बंद पडला, आणि तो ओढायला सगळ्यांनी मिळून तोच दोर लावला, ज्याने ती रस्सीखेच खेळली होती. हा दोर मला फार आवडतो. पण नळ आणि ट्रक हे दोन्ही शेरीफ यांनीच मुद्दाम घडवून आणलेले होते, हे मात्र खटकतं. कारखान्यांतल्या साहेबलोकांनाही हाच मोह होत असणार. चार मार्चला, सुरक्षा दिनी, एकाच रंगाचे टी-शर्ट वाटायचे, शपथ घ्यायची, रस्सीखेच लावायची. संध्याकाळी टी-शर्ट दोरीवर वाळतात आणि दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात उघडतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त पाळीप्रमुख राहतात. मूळचे पालक्काडचे, मराठी बोलतात ती थेट बोईसरच्या नाक्यावरची. त्यांच्या प्लांटमध्ये जुलै उजाडला की वारली आणि कोकणा हेल्पर न सांगता नाहीसे व्हायचे, कारण लावणी. दुहेरी पाळ्या बिहारच्या पोरांच्या गळ्यात पडायच्या आणि ती करवादायची. दिवाळी सरली की तीच पोरं छठसाठी गावी जायची, आरक्षण मिळेल तेव्हा परतायची, आणि मग करवादायची पाळी इकडच्यांची. दोघंही एकमेकांना कामचुकार म्हणत, आणि दोघांनाही ते अगदी मनापासून वाटत असे. ऑफिसातून नोटिसा लागल्या, दंड झाले. "अहो, भात काय माझ्या नोटिशीची वाट बघतं?" असं ते आजही हसत विचारतात. शेवटी त्यांनी कँटीनच्या भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर लावलं आणि ज्याला जी रजा चुकवता येत नाही ती ज्याची त्याला लिहायला सांगितली. लावणी, गौरी-गणपती, ओडिशाची रज संक्रांत, ईद, छठ. मग सरळ हिशेब. जुलैत तुम्ही यांच्या पाळ्या घ्या, कार्तिकात हे तुमच्या घेतील. सतरा सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा आणि आपली खंडेनवमी यांचं एकत्रीकरण करायची सूचना वरून आली होती. ती त्यांनी तशीच बासनात ठेवली. एकाच यंत्राला दोनदा फुलं वाहिली गेली तर यंत्राचं काय बिघडतं? जपानी पद्धतीची सकाळची कवायत किंवा एखादं घोषवाक्य त्यांना सुचलं नाही, किंवा सुचूनही नको वाटलं असेल. एका वर्षी कॅलेंडरवर ऑगस्टच्या शेवटी कुणीतरी पेनने 'ओनम' लिहिलेलं त्यांना दिसलं. चुकीचा न. त्यांनी स्वतःची रजा कधी लिहिलीच नव्हती.

बाहेरून आलेला माणूस पुढारी होतो तेव्हा त्याला हे असं काहीतरी करावं लागतं, आधी समोरच्याच्या वर्षातून एकदा हिंडून यावं लागतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू-उंबरगावच्या रानात, पुण्याच्या गोदूताई परुळेकर १९४५ मध्ये पती शामरावांबरोबर आल्या, तेव्हा वारल्यांना जोडणारा धागा त्यांना बाहेरून आणावा लागला नाही. वेठ आणि लग्नगड्याची गुलामी प्रत्येक पाड्यावर होतीच; ती सगळ्यांची मिळून आहे, एकेकट्याचं नशीब नाही, एवढं उमगायला मात्र कुणीतरी पाड्यापाड्याने चालायला हवं होतं. त्या चालल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक वाचताना मला त्यातल्या विचारांपेक्षा ते चालणंच अधिक आठवत राहतं.

आणि पालघरला हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ च्या मोर्चावरच्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांचा. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. आडनावं वाचली तरी कळतं की ही एका आळीची माणसं नव्हेत. कोण मूळचा कुठला, हे गोळीने विचारलं नाही आणि गावानेही नंतर विचारलं नाही. पाचही नावं एकाच यादीत आहेत.

कारखान्याच्या गेटवर मात्र अजून दोन याद्या असतात, कायम आणि कंत्राटी. आमच्या शेजाऱ्यांच्या कॅलेंडरवर दोघांच्याही रजा होत्या. पण कायम कामगाराची लावणीची रजा भरपगारी आणि त्याच्याच पाड्यावरच्या कंत्राटी पोराची बिनपगारी. ते आपल्या हातात नव्हतं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच असणार. ज्यांच्या हातात आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की गेटवर 'आम्ही सारे एक परिवार' असा फलक लावला असेल, तर या दोन याद्यांची एक होईपर्यंत तो उतरवून ठेवावा.